बारा आठवड्यांची गोळी

मुकुंदवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. विषय होता माध्यमिक वर्गांत आलेख कसे शिकवावेत हा. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना एका शिक्षिकेने पर्समधून घडी घातलेले एक हस्तपत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. रेल्वे स्टेशनकडून जालना रस्त्याकडे येताना कोणीतरी ते त्यांच्या हातात दिले होते. 'उपाशी न राहता वजन घटवा. भूकच लागणार नाही. बारा आठवड्यांचा कोर्स. पाच ते सहा किलो घट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली.' खाली नेहमीची दोन छायाचित्रे होती, आधीचे आणि नंतरचे. औषधाचे नाव मात्र कुठेही नव्हते.

"सर, यात खोटं नेमकं काय आहे, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. आम्ही हसून काहीतरी उत्तर देणार होतो, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणून पुढचे सांगितले. त्यांच्या बारावीच्या वर्गातल्या दोन मुली एकीच्या आईच्या उरलेल्या 'भूक मारायच्या' गोळ्या घेत होत्या. एकीला रात्री झोप येईना आणि छातीत धडधडू लागले, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला.

आम्ही ते पत्रक घरी आणले. त्यात खोटे काय आहे हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले, की प्रश्न वाटला तेवढा सोपा नाही. बारा आठवड्यांत पाच-सहा किलो वजन कमी होऊ शकते. भूक मंद करणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, आणि त्यांतली काही 'अल्पकालीन वापरासाठी' रीतसर मान्यताप्राप्तही आहेत. सुट्या वाक्यांमध्ये पकडण्यासारखे फारसे काही नाही. तरीही संपूर्ण पत्रक दिशाभूल करणारे आहे. असे कसे होते, तेच येथे पाहायचे आहे.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा, 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' या नावाने ओळखला जाणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. ज्या रोगांवर औषध असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची यादी या कायद्याला जोडलेली आहे आणि त्या यादीत लठ्ठपणाचा समावेश आहे. पत्रकात औषधाचे नाव का नसावे, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता मुख्य मुद्दा. 'बारा आठवडे' किंवा 'थोडे आठवडे' ही मुदत आली कुठून?

ॲम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्याने भूक मरते, हे १९३० च्या दशकात लक्षात आले. ते का, हे समजायला मुलांना परीक्षेच्या दिवसाची आठवण करून द्यावी. त्या सकाळी पुढ्यातले पोहे घशाखाली उतरत नाहीत, तोंड कोरडे पडते, छाती धडधडते. संकटकाळी शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीत जाते आणि जेवणाचा प्रश्न मेंदू पुढे ढकलतो. यात नॉरॲड्रेनॅलिन या चेतासंदेशवाहक रसायनाचा मोठा भाग असतो. ॲम्फेटामाइन आणि त्याच्या नात्यातली औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात हेच रसायन वाढवतात. म्हणजे परीक्षा नसताना परीक्षेचा दिवस निर्माण करतात. त्या दोन मुलींपैकी एकीची धडधड आणि हरवलेली झोप याच यंत्रणेतून येणे शक्य आहे. भूक जाणे आणि झोप जाणे ही येथे एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत.

ॲम्फेटामाइनचे व्यसन लागते, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत फेरफार करून सौम्य भावंडे तयार केली. फेंटरमाइन आणि डायएथिलप्रोपिऑन ही त्यांतली दोन. अमेरिकेत दोघांनाही १९५९ मध्ये मान्यता मिळाली. ही भावंडे सौम्य असली तरी घराणे तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठण परिसरात केंद्रीय महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद पोलिसांनी धाडी घातल्या, त्यांत सापडलेल्या अमली पदार्थांमध्ये मेफेड्रोन होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी मेफेड्रोन आणि डायएथिलप्रोपिऑन यांची रचनासूत्रे शेजारी शेजारी काढून पाहावीत. दोन्हींचा सांगाडा एकच आहे, फरक आहे तो लटकवलेल्या गटांचा. एवढ्याशा फरकाने गुणधर्म पुष्कळ बदलतात हे खरे. पण सवय लागण्याची भीती औषध देणाऱ्यांच्या मनातून का गेली नाही, हे त्या दोन आकृत्यांवरून कळते.

तर मुदत आली ती दोन कारणांनी. एक, सवय लागेल ही भीती. दोन, त्या काळातल्या चाचण्याच मुळी काही आठवड्यांच्या असत. जेवढे दिवस तपासले तेवढ्याच दिवसांची परवानगी, हा न्याय प्रामाणिक आहे. परंतु या दोन्ही कारणांत लठ्ठपणाचा संबंध कुठेच नाही. 'अल्पकालीन' हे विशेषण औषधाच्या मर्यादेचे आहे, आजाराच्या स्वभावाचे नाही. पत्रकाने, आणि पत्रकाआधी अनेक शहाण्यासुरत्या लोकांनी, ते आजाराला चिकटवले. बारा आठवड्यांचा कोर्स म्हटले की टायफॉइडच्या गोळ्यांसारखे चित्र उभे राहते: मुदत संपली, जंतू मेले, रोगी बरा.

गंमत अशी की, हे सारे फेंटरमाइनच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकातच स्पष्टपणे मान्य केले आहे. त्याचा आशय असा: हे औषध आहार-व्यायामाला जोड म्हणून थोड्या आठवड्यांपुरते द्यावे, औषध घेणाऱ्यांचे वजन औषधाविना असलेल्यांपेक्षा आठवड्याला पौंडाच्या काही अंशानेच जास्त घटते, घट सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत जास्त असते आणि पुढे मंदावते, आणि लठ्ठपणाची वाटचाल अनेक वर्षांची, तर चाचण्या काही आठवड्यांच्या, म्हणून या घटीचे वैद्यकीय मोल मर्यादितच समजावे. औषधाच्या उणिवेची इतकी स्वच्छ कबुली आम्ही फार कमी वेळा वाचली आहे. ती बारीक टायपात असते, एवढाच तिचा दोष.

या कबुलीतला पौंडाचा अंश जरा पाहण्यासारखा आहे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. हिशेबापुरता 'अंश' म्हणजे पाव किलो धरू. बारा आठवड्यांत गोळीचा स्वतःचा वाटा होतो ३ किलो. पत्रकातल्या सहा किलोंपैकी उरलेले ३ किलो कमी खाण्याचे, चालण्याचे आणि कोणीतरी आठवड्याला आपले वजन पाहणार आहे या जाणिवेचे. म्हणून तर चाचणीत दुसरा गट लागतो. त्याला हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लॅसिबो म्हणतात. पत्रकात हा दुसरा गट नाही. 'पाच ते सहा किलो' हा आकडा खरा असूनही त्यातले गोळीचे किती हे सांगत नाही, आणि ग्राहक तर सगळे सहा किलो गोळीच्याच खात्यावर लिहितो.

पण खरी लबाडी दुसरीकडे आहे. वेळ आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर पत्रकाचा आलेख बाराव्या आठवड्याला संपतो. कागद तिथे फाडलेला आहे. तेराव्या आठवड्यापासून काय होते?

वजन घटते तेव्हा शरीर त्याकडे दुष्काळ म्हणून पाहते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देतात. साठा कमी झाला की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला होता. वजन घटले. त्यानंतर एक वर्षाने मोजले, तेव्हाही भूक वाढवणारे आणि कमी करणारे संप्रेरक मूळ पातळीवर आलेले नव्हते. शरीर अजूनही गेलेले वजन परत मागत होते. मुकुंदवाडीच्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. २०१९ च्या टंचाईत इथली मुले रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनावरून पाणी भरून आणत होती, तेव्हा त्याच्या बातम्या बाहेरच्या देशांतही छापून आल्या. ज्या घराने असा उन्हाळा काढला आहे, ते नळ आल्या दिवशी आधी सगळी भांडी भरून ठेवते. शरीरही तसेच वागते, आणि गोळी थांबली की त्याला अडवणारे कोणी उरत नाही.

अर्थात, 'मग गोळी वर्षानुवर्षे द्यावी' हे उत्तर कोणालाही सुचेल. ते अनेकांना सुचले होते, आणि त्याचा इतिहास चांगला नाही.

अमिनोरेक्स हे भूकमंदक १९६५ च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकले जाऊ लागले. थोड्याच काळात तेथे फुप्फुसाच्या धमनीतील उच्च रक्तदाबाचे रुग्ण एकाएकी वाढले. १९६८ मध्ये औषध मागे घेतले गेले. पुढे अमेरिकेत मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ जणांवर सुमारे चार वर्षे केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फेंटरमाइन आणि फेनफ्लुरामाइन ही जोडी दिली होती. पहिले नॉरॲड्रेनॅलिनच्या वाटेने जाणारे, दुसरे सेरोटोनिनच्या. ही जोडी म्हणून कधीच मान्यता पावलेली नव्हती, तरी ती फॅशनसारखी पसरली. १९९६ मध्ये अमेरिकेत या गोळ्यांसाठी सुमारे १ कोटी ८० लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड आणि गळक्या झाल्या होत्या. त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या सरासरी वर्षभर. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामाइन आणि त्याचे भावंड डेक्सफेनफ्लुरामाइन बाजारातून काढले गेले. सेरोटोनिनचा एक ग्राहक झडपांवरच्या पेशींवरही असतो आणि तो सतत चाळवला गेला तर तेथे तंतुमय ऊती वाढतात, हे नंतर उलगडले. बारा आठवड्यांच्या चाचणीत हे दिसण्याची शक्यता फारच थोडी होती. फ्रान्समध्ये याच घराण्यातले बेनफ्लुओरेक्स १९७६ पासून २००९ पर्यंत विकले जात राहिले. ब्रेस्ट शहरातल्या डॉ. इरेन फ्राशों यांनी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून ते थांबले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक कंपनीला दोषी ठरवले.

सिबुट्रामाइनची गोष्ट आपल्या जवळची आहे, कारण ते भारतातही विकले जात होते. सुमारे दहा हजार जणांना सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास तपासणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. हृदयविकार, पक्षाघात वगैरे गंभीर घटना प्लॅसिबो गटात १० टक्के होत्या, तर औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के. या चाचणीतले बहुतेक जण आधीच हृदयविकाराचे किंवा मधुमेहाचे रुग्ण होते, हे सांगितले पाहिजे. पण वजन घटवायचे ते हृदय वाचावे म्हणून, आणि वजन घटूनही हृदयाचे नुकसान होत असेल, तर वजनकाट्याकडे पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. युरोप आणि अमेरिकेत ते २०१० मध्ये गेले; भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतरही 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या पुड्या-कॅप्सूलांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाला चोरून मिसळलेले सिबुट्रामाइन वारंवार सापडले आहे. पत्रकातल्या औषधाला नाव नसणे किती गंभीर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इथे कोणी म्हणेल, की हे जुने झाले. आता सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही नवी इंजेक्शने आली आहेत. ती वेगळी आहेत, हे मान्य करायलाच हवे. ती परीक्षेच्या दिवसाची भीती निर्माण करीत नाहीत. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते आणि पोट भरल्याची वर्दी देते. ते दोन-तीन मिनिटांत निकामी होते. सेमाग्लुटाइड हा त्याचाच असा अवतार आहे, की आठवडाभर टिकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांना ६८ आठवडे तपासले. वजनात सरासरी १४.९ टक्के घट झाली, प्लॅसिबो गटात २.४ टक्के. २०२३ च्या, सतरा हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत हृदयविकाराच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या. पूर्वीच्या कोणत्याही भूकमंदकाला हे जमले नव्हते.

तरीही कागद फाडण्याची सवय सुटलेली नाही. पहिल्या चाचणीतल्या काही जणांना औषध थांबवल्यावर आणखी एक वर्ष पाहिले. त्यांचे वजन १७.३ टक्क्यांनी घटले होते. वर्षभरात त्यातले ११.६ टक्के परत आले. म्हणजे घटीचा दोनतृतीयांश भाग पुन्हा चढला. औषध बदलले, आलेखाचा उजवा अर्धा भाग तोच राहिला. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती, आणि अशी कुपी आठवड्याला एक लागते. वर्षाचे गणित मुलांनी करावे. उत्तर सव्वादोन लाखांच्या वर येते. चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस हे किती महिने करील? दोन, फार तर तीन. मग थांबेल. पूर्वी व्यसनाच्या भीतीने उपचार 'अल्पकालीन' ठरला, आता तो खिशामुळे ठरतो. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. अशा मुदती संपल्यावर किमती उतरतात हे चांगलेच आहे, पण स्वस्त झालेली गोष्ट तीन महिन्यांचे 'पॅकेज' म्हणून विकणे उलट अधिक सोपे होते.

पत्रकाविषयी आमची आणखी एक तक्रार आहे, ती 'किलो' या शब्दाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा उंचीशी वजनाचे नाते सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की आपली बाळे जन्मतःच वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असतात. अशा बारीक पण चरबीयुक्त देहाच्या माणसाने नुसते खाणे तोडले, तर चरबीबरोबर मुळात कमी असलेले स्नायूही जातात. काटा खूश होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त, तर १८.७ टक्के स्त्रियांचे कमी आढळले. हे दोन्ही गट एकाच गल्लीत, कधी एकाच घरात असतात. त्या बारावीच्या मुलींपैकी एक तर, बाईंच्या सांगण्यावरून, मुळातच किडकिडीत आहे.

दोष केवळ पत्रकवाल्यांचा नाही. 'जितके खाल त्यातून जितके खर्च कराल ते वजा केले की वजन' हे समीकरण आम्हीही व्याख्यानांतून अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. ऊर्जेचा हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण त्यातली 'खाणे' ही राशी आपल्या मर्जीने हवी तशी बदलता येते, असे आम्ही गृहीत धरले आणि ऐकणाऱ्यांनीही. डावी बाजू बदलली की उजवी बाजूही हलते, हे सांगायचे राहिले. त्यामुळे वजन परत आलेला माणूस स्वतःला कच्च्या मनाचा समजतो आणि पुढच्या पत्रकाचे गिऱ्हाईक होतो.

त्या पत्रकावर पेन्सिलीने आडवा अक्ष बारा आठवड्यांपुढे दोन वर्षांपर्यंत वाढवून, वरच्या आकड्यांनी आलेख पुरा करून आम्ही ते बाईंना परत पाठवले. सोबत एवढेच लिहिले, की मुलींना रागावून काही होणार नाही. गोळ्यांच्या पाकिटासह आणि पालकांसह त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, आणि धडधड होती हे त्यांना मुद्दाम सांगावे. पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. मुली ठीक होत्या. आलेख त्यांनी नववीच्या वर्गात लावला होता, आणि आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांवर तारखा का नाहीत, असे एका मुलाने विचारले होते. गोळ्या ज्या आईच्या होत्या त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठीही सापडली. तिच्यावर बारा आठवडे असे स्पष्ट लिहिलेले होते. चिठ्ठी दीड वर्षापूर्वीची होती.